खिशातले ग्रंथालय : मांडणी, लिपी आणि किल्ली

मराठी नियतकालिकांत ग्रंथपरीक्षणे येतात ती बहुतांशी ग्रंथाच्या आशयाची. समीक्षक फार तर शेवटच्या परिच्छेदात मुखपृष्ठ, मुद्रण आणि मुद्रितशोधनातील चुका यांविषयी दोनचार वाक्ये लिहितो. ग्रंथ ज्या कपाटात ठेवला आहे त्या कपाटाचे परीक्षण कोणी करीत नाही, आणि तसे करण्याचे कारणही आजवर नव्हते. कपाट सुताराने केलेले असे. ते लेखक आणि वाचक यांच्यामध्ये येत नसे.

मोबाइल फोनवर ई-पुस्तके वाचणाऱ्याची स्थिती निराळी आहे. कागद, टाइप, बांधणी, कपाट आणि ग्रंथपाल या पाचांचे काम तेथे एकच वस्तू करते. तिला आपण ॲप म्हणतो. अक्षर किती मोठे दिसावे, पुस्तक कोणत्या नावाखाली सापडावे, समासात केलेली खूण कोठे राहावी आणि वाचून झालेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती देता यावे की नाही, हे सारे त्या ॲपची आखणी करणारा ठरवतो. इतके निर्णय जो घेतो त्याचे काम समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही. प्रस्तुत लेखात ई-पुस्तकांचा संग्रह सांभाळणाऱ्या व ती वाचावयास देणाऱ्या ॲपांचा विचार आम्ही एका साध्या प्रश्नाच्या आधारे करणार आहोत : ही साधने ग्रंथालय म्हणून कितपत उतरतात?

ई-पुस्तक ही कल्पना मोबाइल फोनपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी १९७१ साली अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित केला आणि ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या मुक्त ग्रंथसंग्रहाची सुरुवात झाली. ॲमेझॉनचे ‘किंडल’ हे स्वतंत्र वाचनयंत्र नोव्हेंबर २००७ मध्ये आले. त्याच वर्षी ‘ईपब’ हा पुस्तकाच्या फाइलचा सर्वांना खुला असलेला प्रमाणित नमुना ठरला. २००९ मध्ये किंडलचे ॲप आयफोनवर आले, २०१० मध्ये ॲपलचे ‘आयबुक्स’ आले. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके किंडलवर उपलब्ध केली. आज बुकगंगासारखे मराठी विक्रेते स्वतःचे ॲप चालवतात, मराठी विकिस्रोतावरील जुने ग्रंथ ईपब स्वरूपात उतरवून घेता येतात आणि ई-साहित्य प्रतिष्ठानासारख्या संस्था विनामूल्य पुस्तके वाटतात. म्हणजे वाचावयास पुस्तके आहेत. ती ठेवायची कोठे आणि वाचायची कशी, हा प्रश्न आहे.

या प्रश्नाला लावण्याजोगा मापदंड भारतीय ग्रंथपालनाने फार पूर्वी घालून दिला आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांचा आशय असा की ग्रंथ हे जपून ठेवण्यापेक्षा वापरण्यासाठी असतात. प्रत्येक वाचकाला हवा तो ग्रंथ मिळाला पाहिजे आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि ग्रंथालय हे वाढत राहणारे असते. ही सूत्रे कागदी ग्रंथांसाठी सांगितली गेली, परंतु फोनवरील कपाटालाही ती तंतोतंत लागू पडतात.

कपाटाची मांडणी

आयबुक्स प्रथम आले तेव्हा त्यात लाकडी फळ्यांचे कपाट चितारलेले होते. फळीवर पुस्तकांची मुखपृष्ठे मांडलेली दिसत आणि पान उलटताना कागदासारखे वळत असे. २०१३ साली ॲपलने ते लाकूड काढून टाकले. काहींना हळहळ वाटली. आम्हांला वाटते की त्या चित्राने एक मूळ प्रश्न झाकून ठेवला होता. वीस पुस्तके फळीवर शोभून दिसतात. दोनशे झाली की मुखपृष्ठांच्या गर्दीत हवे ते पुस्तक सापडत नाही. खरे ग्रंथालय फळीवर चालत नाही, ते सूचीवर चालते.

सूचीच्या बाबतीत आदर्श म्हणावे असे साधन मोबाइलवर नसून संगणकावर आहे. कोविद गोयल यांनी २००६ साली सोनी कंपनीच्या एका वाचनयंत्रासाठी एक छोटी आज्ञावली लिहिली. तीच पुढे ‘कॅलिबर’ या नावाने जगभर वापरात आली. ती विनामूल्य आहे. तिच्यात प्रत्येक पुस्तकाची नोंद वाचकाला स्वतः दुरुस्त करता येते : लेखक, भाषा, ग्रंथमाला, विषय, प्रकाशनवर्ष. मुखपृष्ठ नसेल तर लावता येते, एका नमुन्यातील फाइल दुसऱ्या नमुन्यात बदलता येते. घरच्या संगणकावर असा संग्रह केला की ‘ओपीडीएस’ नावाच्या सूचीपद्धतीने तो त्याच घरातील फोनवरच्या अनेक ॲपांत दिसू शकतो. जुन्या वाचनालयांत ग्रंथपाल सूचीपत्रावर शाईने दुरुस्ती करीत असे. तो अधिकार कॅलिबर वाचकाला देते.

मोठ्या विक्रेत्यांच्या ॲपांत हा अधिकार बहुधा मिळत नाही. नोंद जशी दुकानातून आली तशीच राहते, आणि ॲप उघडताच समोर येतात त्या विकत घ्यावयाच्या पुस्तकांच्या शिफारशी; स्वतःचा संग्रह शेजारच्या खणात. मांडणीचा हा क्रमच पुष्कळ काही सांगतो. वाचकाचा वेळ वाचविण्याचे सूत्र येथे मोडते, कारण घेतलेले पुस्तक वाचावयास बसलेल्याला आधी दुकानातून चालत जावे लागते. ‘रीडएरा’ किंवा ‘लिब्रेरा’ यांसारखी ॲपे फोनमधील फाइली स्वतः धुंडाळून यादी करतात. तेथे दुकान नाही, परंतु फाइलमधील नोंद गबाळी असेल तर यादीही गबाळी होते.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत हा गबाळेपणा विशेष जाचक आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे उदाहरण घ्यावे. ‘सुवार्ता’चे संपादक आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते सर्वपरिचित होते. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांची पुस्तके एका कपाटात ठेवली तर एका नोंदीत ‘फादर’ या उपाधीमुळे ती ‘फ’मध्ये जातील, दुसरीत आडनावाने ‘द’मध्ये, आणि तिसरीत रोमन लिपीतील आडनावाखाली अगदी वेगळ्या टोकाला. ॲपला हे तीन लेखक वाटतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. पूर्वी गावच्या वाचनालयातील ग्रंथपाल हे जाणत असे आणि कविता मागणाऱ्याला नाटकही सुचवीत असे. ॲपची आखणी करणाऱ्याने एका लेखकाला अनेक नावे जोडण्याची सोय दिली, तर ग्रंथाला त्याचा वाचक मिळण्याच्या मार्गातील मोठा अडसर दूर होईल.

पान आणि आपली लिपी

ई-पुस्तकाचे सर्वांत मोठे देणे म्हणजे अक्षर मोठे करता येणे. ईपब नमुन्यातील मजकुराला ठरावीक पान नसते. अक्षर वाढवले की ओळी नव्याने जुळतात. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना जे पुस्तक छापील स्वरूपात वाचता येत नाही, ते फोनवर वाचता येते. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळण्याचे सूत्र येथे खरोखर साकार होते, आणि त्याचे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो.

परंतु मराठी घरांत व्हॉट्सॲपवरून जी पुस्तके फिरतात ती बहुधा ईपब नसतात. ती छापील पानांची छायाचित्रे, म्हणजे पीडीएफ असतात. अशा पानाला वाढवले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचक बोटाने पान डावीकडे-उजवीकडे सरकवीत राहतो. यामागे एक इतिहास आहे. १९९० च्या दशकापासून मराठी पुस्तके व नियतकालिके संगणकावर जुळवली जाऊ लागली, ती श्री-लिपी, शिवाजी यांसारख्या टंकांत. त्या टंकांची अंतर्गत सांकेतिक रचना आजच्या युनिकोडहून भिन्न होती. टंक काढून घेतला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उरते. त्यामुळे त्या काळच्या फाइली जपून ठेवल्या असल्या तरी त्या थेट ई-पुस्तक होत नाहीत. आधी युनिकोडमध्ये रूपांतर आणि मग नव्याने मुद्रितशोधन करावे लागते. ॲपचा दोष येथे नाही. मात्र पीडीएफमधील कडेचा कोरा समास आपोआप कापून मजकूर पडदाभर दाखवणे एवढे तरी ॲपला करता येते. काही ॲपे ते करतात आणि तेवढ्यानेही वाचन बरेच सुसह्य होते.

युनिकोडमधील मराठी मजकूर हाती असला तरी अडचणी संपत नाहीत. रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेले दोन ओळींतील अंतर देवनागरीला अपुरे पडते. वरच्या ओळीतील उकार आणि खालच्या ओळीतील वेलांटी एकमेकांना भिडतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येत असल्याने शब्द लांबतात. ‘ग्रंथालयांमधल्यासारखे’ असा एकच शब्द फोनच्या अर्ध्या ओळीत मावतो. त्यातच ओळीच्या दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा आग्रह धरला की शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पडतात. उजवी कड मोकळी सोडणे हा साधा उपाय आहे. तो पर्याय अनेक ॲपांत दिलेला असतो, पण मांडणीच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर लपलेला; मराठी पुस्तक उघडताच तो आपोआप लागू व्हावा.

अक्षरांच्या घडणीतही भेद आहे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. चांगल्या टंकांत दोन्ही घडणी भरलेल्या असतात आणि पुस्तकाची भाषा मराठी असल्याची नोंद वाचून ॲपने योग्य ती निवडायची असते. ती नोंदच नसेल, किंवा असूनही ॲपने वाचली नाही, तर मराठी कादंबरी हिंदी वळणात दिसते. ही बाब किरकोळ वाटेल. परंतु लहानपणापासून एका वळणात वाचलेल्या डोळ्याला ती खटकते, आणि आपली भाषा दुसऱ्या भाषेच्या खणात टाकली गेल्याची जाणीव होते.

याहून गंभीर प्रश्न शोधाचा आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा भेद शिकवावा लागत नाही. दुसऱ्या शब्दातील आडवा अर्धा ‘र’ मात्र संगणकात दोन वेगळ्या रीतींनी लिहिता येतो, आणि दोन्ही रीतींत तो पडद्यावर सारखाच दिसतो. पुस्तक एका रीतीने टंकित झाले असेल आणि वाचकाने दुसऱ्या रीतीने शोधले, तर ॲप शांतपणे सांगते की असा शब्द या पुस्तकात नाही. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच : त्याला स्वतंत्र सांकेतिक स्थान २००८ मध्ये मिळाले, त्यापूर्वीच्या मजकुरात तो ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहिलेला असतो. दोन रूपे एकच मानून शोध घेणे तंत्रज्ञाला अवघड नाही. ते करावे लागते, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

शब्दकोशाची सोय हाही असाच एक अर्धवट राहिलेला उपकार आहे. शब्दावर बोट दाबून धरले की अर्थ दिसावा, ही कल्पना सुंदर आहे. इंग्रजीत ती चांगली चालते. मराठीत ‘झाडाखालच्या’ या शब्दावर बोट दाबले आणि ॲपने तेच रूप जसेच्या तसे कोशात शोधले तर काहीच मिळणार नाही, कारण कोशात ‘झाड’ आहे. सामान्यरूपातून मूळ शब्दापर्यंत जाण्याची वाट ॲपला शिकवावी लागते. सामग्रीची वाण नाही. मोल्सवर्थ यांचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पातून संगणकावर उपलब्ध आहेत. परदेशात वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना आजीचे मराठी वाचावयाचे झाले तर याच सोयीची पहिली गरज लागेल.

पुस्तक ऐकण्याची सोयही येथेच नोंदवली पाहिजे. २००९ मध्ये किंडलच्या दुसऱ्या यंत्राने पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्यास सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेतील लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली आणि प्रकाशकाला ती सोय बंद ठेवण्याची मुभा मिळाली. दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करण्यास वाट मोकळी करणाऱ्या २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, ही २०१४ मधील गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मग मराठी ॲपांनी आवाजाच्या वाचनात मागे राहू नये.

समासातील खुणा

जुन्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीची रेघ दिसली की आपण थबकतो. आईने, मामाने किंवा एखाद्या धर्मगुरूंनी कोणत्या वाक्याशी क्षणभर विसावा घेतला, हे त्या रेघेवरून कळते. ॲपांतही खुणा करता येतात, टिपणे लिहिता येतात. पण त्या राहतात कोठे?

बहुतेक व्यापारी ॲपांत त्या कंपनीच्या संगणकावर, वाचकाच्या खात्यात राहतात. यातून एक सोय मिळते : फोन बदलला तरी खूण जागेवर सापडते. गूगलचे ॲप टिपणांची स्वतंत्र प्रत काढून देते, हेही न्याय्य आहे. ‘केओरीडर’ नावाचे मुक्त ॲप याहून सरळ मार्ग घेते. ते वाचकाच्या खुणा पुस्तकाच्या फाइलशेजारीच एका छोट्या फाइलीत ठेवते. पुस्तक आणि शेजारची ती फाइल उचलून दुसऱ्या यंत्रात ठेवली की खुणाही तेथे जातात. समासातील पेन्सिलीला सर्वांत जवळची रचना हीच, असे आमचे मत आहे.

खुणा कंपनीकडे असल्या की त्यांवर नजरही कंपनीची असते. कोणत्या वाक्याखाली किती वाचकांनी रेघ ओढली, हे किंडल २०१० पासून दाखवते. स्वतः वाचण्यापूर्वीच इतरांची पसंती कळावी, ही गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने आम्हांला हितावह वाटत नाही. वाक्याचे वजन वाचकाने स्वतः जोखावे. ऑक्टोबर २०१४ मध्ये याहून गंभीर प्रकार उघड झाला. अडोबी कंपनीची वाचनाची आज्ञावली वाचकाने कोणते पुस्तक कोणत्या पानापर्यंत वाचले याची माहिती इंटरनेटवरून उघड्या स्वरूपात, कोणालाही वाचता येईल अशी, पाठवीत होती. टीका झाल्यावर कंपनीने माहिती झाकून पाठवण्याची व्यवस्था केली. पाठवणे मात्र थांबले नाही. कोणी काय वाचले हे बाहेर न सांगणे हा ग्रंथपालाचा जुना धर्म आहे. ॲपालाही तो पाळता आला पाहिजे.

वाचनाचा हिशेब ठेवण्याची हौसही वाढली आहे. ॲपलच्या ॲपात २०१९ पासून रोजच्या वाचनाचे मिनिटांचे उद्दिष्ट आणि वर्षातील पुस्तकांची संख्या दाखवली जाते. मुलांना वाचनाची सवय लावण्यास याचा काही उपयोग होत असेल. तरी प्रार्थनेच्या पुस्तकातील एकच परिच्छेद महिनाभर मनन करीत वाचणारी आजी या हिशेबात आळशी ठरते. उद्दिष्टाचा काटा बंद करण्याची कळ सहज सापडेल अशी असावी.

पुस्तक कोणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वर सांगितलेले दोष सुधारता येण्याजोगे आहेत. परंतु काही ॲपांची रचनाच अशी आहे की पुस्तक वाचकाच्या हाती येते, त्याच्या मालकीचे होत नाही.

जुलै २००९ मधील घटना प्रसिद्ध आहे. जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांची आवृत्ती हक्क नसलेल्या विक्रेत्याने विकली असल्याचे ध्यानी येताच ॲमेझॉनने ती ग्राहकांच्या यंत्रांतून दूरवरूनच पुसून टाकली. त्यांतील एक होती ‘नाइन्टीन एटी-फोर’, जिच्यात सत्ता नकोसे कागद नाहीसे करते. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. पण अभ्यासासाठी ते पुस्तक वाचणाऱ्या एका शाळकरी मुलाची सारी टिपणे आधाराच्या मजकुराविना निरुपयोगी झाली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. जुलैपासून तेथून घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. किंमत परत करण्यात आली, आणि ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती त्यांना जादा पंचवीस डॉलर देण्यात आले. वाचकाच्या टिपणांना बाजारभाव ठरल्याचे हे बहुधा विरळ उदाहरण असेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने, विकत घेतलेले किंडल पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात नेण्याची जुनी सोय काढून घेतली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात त्याच वर्षाच्या आरंभापासून नवा कायदा लागू झाला : आपण वस्तू विकत नसून केवळ वापराचा परवाना देत आहोत, हे विक्रेत्याने ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे.

कुटुंबाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? ॲपलच्या व्यवस्थेत एका घरातील सहा जणांपर्यंत घेतलेली पुस्तके वाटून घेता येतात. सोय चांगली आहे, पण कुटुंब कोणते हे येथे कंपनी ठरवते. चुलत घर, शेजार आणि धर्मग्रामाचे वाचनालय तिच्या व्याख्येत बसत नाही. माणसाच्या मृत्यूनंतर त्याची छायाचित्रे व पत्रे नेमलेल्या वारसाला मिळावीत अशी तरतूद त्याच कंपनीने २०२१ मध्ये केली. तिच्यातून विकत घेतलेली पुस्तके मात्र वगळलेली आहेत. वडिलांच्या मागे त्यांचे कपाट मुलांकडे येते, ही गोष्ट आपल्याकडे इतकी गृहीत धरलेली आहे की तिच्यासाठी कधी नियम लिहावा लागला नाही.

प्रतींचा हा प्रश्न आपल्या परंपरेला परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले आणि १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. लोकांनी तो हाताने उतरवून घेतला, जवळ बाळगला, पुढच्या पिढीकडे दिला. अशा प्रतींवरूनच जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून त्याची आवृत्ती काढली. मुद्रणालयाने काढलेल्या प्रती नष्ट झाल्या आणि वाचकांनी केलेल्या टिकल्या. आता कल्पना करावी की त्या काळी ‘ख्रिस्तपुराण’ एखाद्या कुलूपबंद ॲपात प्रसिद्ध झाले असते, ज्यातून नक्कल करता येत नाही आणि दुकान बंद झाल्यावर जे उघडत नाही. साल्ढाणांच्या हाती काय लागले असते?

प्रकाशकांची बाजू आम्ही नाकारीत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते, आणि एका फाइलीच्या हजार फुकट प्रती फिरल्या तर लेखकाच्या पदरी काहीच पडत नाही. व्हॉट्सॲपवर ताजी कादंबरी बिनदिक्कत पाठवणाऱ्यांत आपल्याही धर्मग्रामांतील सुशिक्षित मंडळी असतात, आणि ती चोरीच आहे. तरीही कुलूप हा एकमेव उपाय नव्हे. इंग्रजी विज्ञानकथांचे मोठे प्रकाशक ‘टॉर’ यांनी २०१२ पासून आपली ई-पुस्तके कुलपाविना विकण्यास आरंभ केला. विश्वासाने विकणे शक्य असते. लहान समाजाच्या लेखकाला तर चोरीइतकीच विस्मृतीची भीती असते. त्याच्या ग्रंथाच्या प्रती जितक्या घरांत मोकळ्या राहतील तितका तो टिकेल.

अपेक्षा

या परीक्षणाचा निष्कर्ष असा. अक्षराचे माप, रात्रीचा काळा पडदा, एका हाताने पान उलटणे, खूण जपून ठेवणे या बाबतींत आजची ॲपे उत्तम झाली आहेत. वाचनाचे साधन म्हणून आम्ही त्यांना चांगले गुण देऊ. ग्रंथालय म्हणून मात्र त्यांतील मोठी ॲपे कमी पडतात, कारण सूची, खुणा आणि किल्ली या तिन्ही गोष्टी त्यांनी वाचकाच्या हातून काढून घेतल्या आहेत. कॅलिबर, केओरीडर यांसारखी मोकळी साधने या तीन गोष्टी परत देतात, परंतु ती शिकण्यास थोडे कष्ट पडतात आणि त्यांचे रूपही साधे आहे. या दोन वाटांच्या मधले, दिसावयास सोपे आणि वागावयास मोकळे असे मराठी ॲप कोणी करील तर त्याचे स्वागत झाले पाहिजे. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक तरुण-तरुणी संगणक-व्यवसायात आहेत. दर्या आणि दऱ्या यांतील भेद त्यांना घरीच शिकायला मिळाला आहे.

तोवर कुटुंबांनी ॲप निवडताना चार गोष्टी तपासून पाहाव्यात. आपल्याजवळची ईपब फाइल त्यात घालता येते काय? घातलेली फाइल आणि केलेली टिपणे जशीच्या तशी बाहेर काढता येतात काय? इंटरनेट नसताना पुस्तक उघडते काय? आणि मराठी पुस्तकात मराठी शब्द शोधला तर सापडतो काय? चारही प्रश्नांना होकार मिळाला तर रूप साधे असले तरी ते ॲप घ्यावे. दोन प्रश्नांना नकार आला तर त्यात वाचावे, पण जे पुस्तक मुलांसाठी मागे ठेवायचे आहे ते त्यात ठेवू नये.

धर्मग्रामांच्या वाचनालयांनाही एक काम करण्याजोगे आहे. स्थानिक लेखकांची जी पुस्तके आता दुकानांत मिळत नाहीत, त्यांच्या लेखकांची किंवा वारसांची लेखी परवानगी घेऊन ती युनिकोडमध्ये आणावीत, एका साध्या संगणकावर कॅलिबरमध्ये नीट नोंदवावीत आणि मागेल त्या घराला द्यावीत. एका वर्षात दहा पुस्तके झाली तरी पुष्कळ. प्रत्येक नोंदीत लेखकाचे नाव देवनागरीत आणि भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिण्यास मात्र विसरू नये.